बालकांच्या हाती द्यावयाची चित्रपुस्तके : निवड, निषेध आणि पुरावा (१९४०–१९५६)

लहान मुलाच्या हाती कोणते चित्रपुस्तक द्यावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी घरगुती स्वरूपाचा वाटतो. आईवडील, शिक्षक किंवा ग्रंथपाल यांनी आपापल्या समजुतीप्रमाणे तो सोडवावा आणि पुढील पुस्तकाकडे वळावे, इतकाच त्याचा व्याप असावयास हवा. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यावर, अवघ्या पंधरा-सोळा वर्षांच्या अवधीत, हा प्रश्न अमेरिका, कॅनडा, फ्रान्स, ब्रिटन आणि अखेरीस भारत येथील विधिमंडळांपुढे गेला. घरातील निवडीचे राज्यसंस्थेच्या निषेधात रूपांतर कसे झाले आणि ते होताना पुरावा म्हणून जे पुढे ठेवण्यात आले त्याची योग्यता काय होती, याचा विचार नव्याने करणे आवश्यक झाले आहे. या प्रकरणातील सर्वांत प्रभावी साक्षीदाराची मूळ कागदपत्रे २०१० साली अभ्यासकांना खुली झाली आणि त्यानंतर या वादाचे चित्र पुष्कळच पालटले.

अमेरिकेत बालवाचनाच्या निवडीची एक प्रतिष्ठित परंपरा या वादाच्या आधीपासून नांदत होती. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागाची सूत्रे १९०६ पासून १९४१ पर्यंत अ‍ॅन कॅरोल मूर यांच्या हाती होती. त्यांनी मुलांसाठी स्वतंत्र दालने, योग्य उंचीच्या मांडण्या आणि गोष्टी सांगण्याचे तास यांची प्रथा रूढ केली. त्यांच्या पसंतीला इतके वजन होते की प्रकाशक हस्तलिखितावरच त्यांचा अभिप्राय घेत. उत्कृष्ट बालसाहित्यासाठीचे न्यूबेरी पदक १९२२ पासून आणि चित्रपुस्तकांसाठीचे कॅल्डेकॉट पदक १९३८ पासून देण्यात येऊ लागले. थोडक्यात, 'चांगले पुस्तक' कोणते हे सांगणारा एक जाणता वर्ग तयार झालेला होता, आणि प्रकाशक व मूल यांच्यामध्ये तो उभा होता.

या वर्गाचा निर्णय सर्वदा बिनचूक असे, असे मात्र नाही. मार्गारेट वाइज ब्राउन यांचे 'गुडनाइट मून' हे चित्रपुस्तक १९४७ साली प्रसिद्ध झाले. आज ते इंग्रजी बालसाहित्यातील अत्यंत लोकप्रिय पुस्तकांपैकी एक गणले जाते. न्यूयॉर्कच्या त्या ग्रंथालयाने ते १९७२ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, आपल्या संग्रहात घेतले नाही. मूरबाई तेव्हा निवृत्त झाल्या होत्या, तरी त्यांच्या अभिरुचीचा पगडा कायम होता. परीकथा व लोककथा यांच्या भव्य कल्पनाविश्वावर पोसलेल्या त्या अभिरुचीला, खोलीतील खुर्ची, कंगवा आणि लापशीचा वाडगा यांना शुभरात्र म्हणणारे पुस्तक अतिसामान्य वाटले असल्यास नवल नाही. तथापि या नापसंतीने कोणाचे फारसे नुकसान झाले नाही. ज्यांना ते पुस्तक हवे होते त्यांनी ते दुकानातून घेतले. निवडीतील चूक आणि निषेधातील चूक यांच्यात जे अंतर आहे ते येथे स्पष्ट दिसते.

कॉमिक-पुस्तिकेने ही सारी व्यवस्था ओलांडली. १९३४ च्या सुमारास तिला आजचे रूप आले आणि १९३८ मध्ये सुपरमॅनच्या अवताराने तिचा खप भराभर वाढू लागला. तिची किंमत दहा सेंट होती. खाऊच्या पैशातून मूल ती स्वतः, कोणालाही न विचारता, कोपऱ्यावरच्या दुकानातून घेऊ शकत असे; वाचून झाल्यावर मित्राच्या पुस्तिकेशी तिची अदलाबदल करीत असे. वडीलधाऱ्यांच्या मध्यस्थीवाचून मोठ्या प्रमाणावर बालकाच्या हाती पडणारे हे वाङ्मय होते. तिच्याविरुद्ध पुढे जो क्षोभ उसळला त्यात आशयाविषयीची चिंता खरीच होती; परंतु आपल्या हातून निवडीचा अधिकार निसटला याची अस्वस्थताही त्यात मिसळलेली होती.

या क्षोभाचा पहिला ठळक उद्गार स्टर्लिंग नॉर्थ या साहित्य-संपादकाचा. 'शिकागो डेली न्यूज' या पत्रात ८ मे १९४० रोजी त्यांनी कॉमिक-पुस्तिकांना राष्ट्रीय कलंक ठरविणारा लेख लिहिला. भडक रंग, निकृष्ट कागद व छपाई, डोळ्यांवर पडणारा ताण आणि हिंसेचे उत्तान चित्रण असे त्यांचे आक्षेप होते. त्यावरील उपाय म्हणून मात्र त्यांनी कायद्याची नव्हे, तर चांगल्या बालसाहित्याची शिफारस केली, ही गोष्ट पुढील इतिहासात विसरली गेली. त्या वेळचे प्रतिसादही बहुतांशी याच धाटणीचे होते. पालकांसाठी मासिक चालविणाऱ्या एका संस्थेने १९४१ मध्ये खऱ्या घटनांवर आधारलेली 'ट्रू कॉमिक्स' ही मालिका सुरू केली. त्याच वर्षी अभिजात कादंबऱ्यांची चित्ररूपे देणारी 'क्लासिक कॉमिक्स' ही मालिका निघाली; १९४७ पासून ती 'क्लासिक्स इलस्ट्रेटेड' या नावाने ओळखली जाऊ लागली. कोलंबिया विद्यापीठातील रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी लोकप्रिय पुस्तिकांतील शब्दांची मोजदाद केली, तेव्हा एकेका पुस्तिकेत सुमारे दहा हजार शब्द असतात आणि त्यांत नित्य वापराबाहेरील शब्दांचाही बराच भरणा असतो असे त्यांना आढळले. मूल केवळ चित्रे पाहते, वाचीत नाही, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला. शैक्षणिक समाजशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकाने डिसेंबर १९४४ चा संपूर्ण अंक या विषयाला दिला, त्याचा सूरही समतोल होता.

या समतोलात एक उणीव होती. मुलांच्या वाचनाविषयी सल्ला देणाऱ्या चाइल्ड स्टडी असोसिएशनच्या जोझेट फ्रँक यांच्यासारख्या काही तज्ज्ञ व्यक्ती प्रकाशकांच्या सल्लागार मंडळावर होत्या आणि त्यांना त्याबद्दल मोबदला मिळत असे. १९५४ च्या चौकशीत हा मुद्दा सीनेटर एस्टेस केफॉव्हर यांनी जोराने पुढे आणला. फ्रँक यांची मते प्रामाणिक नव्हती असे म्हणण्यास आधार नाही. परंतु निवड करणाऱ्याने विक्रेत्याकडून पैसे घेतले की त्याच्या योग्य मतालाही किंमत उरत नाही, हे येथे दिसून आले. पुढे समंजस पक्ष निष्प्रभ झाला त्याचे हे एक कारण होय.

१९४८ हे वर्ष निर्णायक ठरले. युद्धोत्तर काळात गुन्हेकथा व भयकथा यांच्या पुस्तिकांचा सुकाळ झाला होता. त्यांतील पुष्कळ पुस्तिका खरोखरच ओंगळ होत्या, हे मान्य केले पाहिजे. त्या लहान मुलांच्या हाती नसाव्यात असे वाटणारा पालक काही मूर्ख नव्हता. बालगुन्हेगारीविषयीची चिंताही सर्वत्र वाढली होती. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील स्पेन्सर या गावी त्या ऑक्टोबरात शाळेतील मुलांनी सुमारे २,००० पुस्तिकांची होळी केली, आणि तिचे लोण इतर गावांत पोहोचले. बर्लिनमधील ग्रंथदहनाला तेव्हा पुरती सोळा वर्षेही झाली नव्हती. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी 'विंटर्स विरुद्ध न्यूयॉर्क' या खटल्यात रक्तपाताच्या कथांवर बंदी घालणारा एक जुना राज्य-कायदा संदिग्ध म्हणून रद्द ठरविला. कायद्याची वाट अशी अरुंद झाल्यामुळे पुढील आंदोलनाला शास्त्रीय पुराव्याची विशेष गरज भासू लागली. हा पुरावा पुरविण्याचे कार्य डॉ. फ्रेडरिक वर्थम यांनी केले.

वर्थम यांची गणना संकुचित वृत्तीच्या नीतिरक्षकांत करणे अन्यायाचे होईल. जर्मनीत जन्मलेल्या या मनोविकारतज्ज्ञाने मार्च १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, एका चर्चच्या तळघरात, लाफार्ग चिकित्सालय सुरू केले. तेथे पंचवीस सेंट शुल्क घेतले जाई, आणि ज्याला तेही परवडत नसे त्याला विनामूल्य उपचार मिळत. ज्या कृष्णवर्णीय वस्तीला मानसोपचाराची दारे जवळजवळ बंद होती, तिच्यासाठी हे चिकित्सालय मोलाचे होते. वर्णभेदावर आधारलेल्या शाळांमुळे मुलांच्या मनाला इजा होते, अशी साक्ष वर्थम यांनी १९५१ मध्ये डेलावेअर राज्यातील खटल्यात दिली. तोच खटला पुढे १९५४ च्या सुप्रसिद्ध 'ब्राउन' निर्णयात समाविष्ट झाला. कॉमिक-पुस्तिकांवरील त्यांच्या आक्षेपांतही आफ्रिकी व आशियाई माणसांच्या विटंबनेचा आक्षेप महत्त्वाचा होता, आणि तो सर्वस्वी रास्त होता.

त्यांचा 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हा ग्रंथ एप्रिल १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या चिकित्सालयांत आलेल्या मुलांची उदाहरणे देऊन त्यांनी कॉमिक-वाचन व गुन्हेगारी यांचा कार्यकारणसंबंध मांडला. या पद्धतीतील दोष न दिसण्याजोगा नव्हता. त्या काळी बहुतेक सर्वच अमेरिकन मुले कॉमिक वाचीत. तेव्हा गुन्हा करणारी मुलेही ती वाचीत होती, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. समाजशास्त्रज्ञ फ्रेडरिक थ्रॅशर यांनी डिसेंबर १९४९ मध्येच हे निदर्शनास आणले होते. तुलनेसाठी निरपराध मुलांचा गट घेतलेला नाही, मुले कशी निवडली ते सांगितलेले नाही, आणि गुन्हेगारीच्या अनेक कारणांतून एकालाच बळीचा बकरा केले आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. तो विद्वानांच्या नियतकालिकात राहिला. वर्थम यांचे लेख मात्र घरोघरी जाणाऱ्या मासिकांत छापले गेले.

सीनेटच्या बालगुन्हेगारीविषयक उपसमितीने २१ व २२ एप्रिल आणि ४ जून १९५४ रोजी न्यूयॉर्क येथे साक्षी घेतल्या. पहिल्याच दिवशी वर्थम यांच्यानंतर ई. सी. प्रकाशनसंस्थेचे विल्यम गेन्स यांची साक्ष झाली. कुऱ्हाड घेतलेला पुरुष आणि त्याच्या हाती स्त्रीचे तोडलेले शिर, असे चित्र असलेले एका पुस्तिकेचे मुखपृष्ठ केफॉव्हर यांनी पुढे धरले आणि हे सुरुचीला धरून आहे काय, असा प्रश्न केला. भयकथेच्या मुखपृष्ठाच्या मानाने ते सुरुचीला धरून आहे, असे उत्तर गेन्स यांनी दिले. मानेतून रक्त टपकताना दाखविले असते तर ते वाईट ठरले असते, असाही खुलासा त्यांनी केला. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी ही प्रश्नोत्तरे ठळकपणे छापली आणि प्रकाशकांची बाजू लोकमतात तेथेच संपली. उपसमितीने सेन्सॉरशिपची शिफारस केली नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. तिची आवश्यकताच उरली नाही. भयभीत प्रकाशकांनी संघटना स्थापून २६ ऑक्टोबर १९५४ रोजी स्वतःवर एक कडक संहिता लादून घेतली. शीर्षकात 'हॉरर' व 'टेरर' हे शब्द वर्ज्य झाले. पिशाच्चे व नरवृक हद्दपार झाले. पोलीस, न्यायाधीश व शासकीय अधिकारी यांच्याविषयी अनादर उत्पन्न होईल असे काही दाखवू नये असा दंडक झाला. वर्थम या संहितेने मुळीच संतुष्ट झाले नाहीत. त्यांना लहान मुलांना होणाऱ्या विक्रीवर बंदी घालणारा कायदा हवा होता.

संहितेचा कारभार कसा चाले याचे एक उदाहरण बोधप्रद आहे. 'जजमेंट डे' या नावाची एक चित्रकथा गेन्स यांच्या संस्थेने १९५३ मध्ये प्रसिद्ध केली होती. पृथ्वीवरून आलेला एक निरीक्षक यंत्रमानवांच्या ग्रहाला भेट देतो. तेथे नारिंगी यंत्रमानव निळ्या यंत्रमानवांना हीन लेखतात, म्हणून तो त्या ग्रहाला आकाशगंगेच्या संघराज्यात प्रवेश नाकारतो. अखेरच्या चौकटीत तो शिरस्त्राण उतरवितो, तेव्हा तो कृष्णवर्णीय असल्याचे दिसते. १९५६ मध्ये ही कथा पुनर्मुद्रित करताना संहितेच्या प्रशासकाने त्या अखेरच्या माणसाच्या वर्णाला आक्षेप घेतला. गेन्स यांनी प्रकरण चव्हाट्यावर मांडण्याची धमकी दिल्यावर ती कथा जशीच्या तशी छापली गेली. मात्र ती त्या संस्थेच्या अखेरच्या कॉमिक-पुस्तिकेत. ज्या वर्थम यांनी वर्णद्वेषाविरुद्ध साक्ष दिली, त्यांच्याच चळवळीतून निर्माण झालेल्या यंत्रणेने हा आक्षेप घ्यावा, हा विपर्यास त्यांनाही रुचला नसता.

वर्थम १९८१ मध्ये वारले. त्यांची कागदपत्रे काँग्रेसच्या ग्रंथालयात होती. ती २०१० मध्ये खुली झाल्यावर इलिनॉय विद्यापीठातील कॅरोल टिली यांनी मूळ टिपणे व छापील ग्रंथ यांची ओळीओळीने तुलना केली आणि २०१२ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. ते गंभीर आहेत. वर्थम यांनी मुलांच्या तोंडची वाक्ये बदलली होती. एकाच मुलाचे म्हणणे अनेकांच्या नावे विभागले होते, तर कोठे दोघांची विधाने एकत्र करून एकाच्या नावे दिली होती. स्वतः न तपासलेल्या रुग्णांची उदाहरणे स्वतः पाहिल्यासारखी लिहिली होती. तेरा वर्षांच्या एका मुलीच्या वर्तनाचा संबंध त्यांनी तिच्या कॉमिक-वाचनाशी जोडला. टिपणांत मात्र ती घर सोडून पळालेली होती आणि एका टोळीत वावरत होती, अशी नोंद आहे. ग्रंथात हा भाग गळालेला आहे. थ्रॅशर यांना वर्थम यांचे अनुमान सदोष वाटले होते. अनुमानाखालचा पुरावाच घडविलेला होता, हे त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता.

टिली यांनी दुसऱ्याही एका साधनाकडे लक्ष वेधले, आणि ते कदाचित अधिक मोलाचे आहे. सीनेटच्या त्या उपसमितीला स्वतः मुलांनी पत्रे लिहिली होती. सर्व वादात ज्यांच्या नावाने बोलले जात होते त्यांचे शब्द दप्तरात पडून राहिले, आणि साठ वर्षांनी कोणीतरी ते वाचले.

निषेधाचा सारा रोख दहा सेंटांच्या पुस्तिकेवर राहिल्यामुळे प्रतिष्ठित मांडणीवरील पुस्तकांचे परीक्षण मागे पडले. नॅन्सी लॅरिक यांनी १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत ६३ प्रकाशकांनी काढलेल्या ५,२०६ बालपुस्तकांची पाहणी केली आणि सप्टेंबर १९६५ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. चित्रात किंवा मजकुरात एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती असलेली पुस्तके केवळ ३४९, म्हणजे शेकडा ६.७ भरली. येथे बंदी घालण्यासारखे काहीच नव्हते. पुस्तकात जे आहे त्यापेक्षा जे नाही त्याचा हा दोष होता आणि कोणत्याही दंडसंहितेत तो बसत नाही. दक्षिणेकडे तर उलटाच प्रकार घडला. गार्थ विल्यम्स यांच्या 'द रॅबिट्स वेडिंग' (१९५८) या चित्रपुस्तकात काळ्या व पांढऱ्या सशांचा विवाह आहे. १९५९ मध्ये अलाबामातील वर्णभेदवाद्यांनी त्याविरुद्ध ओरड केली, तेव्हा राज्याच्या ग्रंथालय-सेवेच्या प्रमुख एमिली रीड यांना ते उघड्या मांडणीवरून काढून राखीव संग्रहात ठेवावे लागले. परंतु मागणाऱ्या ग्रंथालयास ते देणे त्यांनी थांबविले नाही.

युरोपात हा प्रश्न राष्ट्रीय अस्मितेशी जोडला गेला. कॅनडाने १९४९ मध्ये गुन्हेविषयक कॉमिकांविरुद्ध आपल्या दंडसंहितेत दुरुस्ती केली. फ्रान्समध्ये १६ जुलै १९४९ चा कायदा ज्या मोहिमेतून आला तिच्यात कॅथलिक व साम्यवादी या दोन्ही पक्षांचा सहभाग होता. दरोडेखोरी, असत्य, चोरी, आळस, भित्रेपणा, द्वेष यांचे अनुकूल चित्रण त्याने निषिद्ध केले. आळसाचे अनुकूल चित्रण वगळले तर बालसाहित्यातील निम्मी गंमत संपेल, याचा विचार विधिकर्त्यांनी केलेला दिसत नाही. परदेशी, मुख्यतः अमेरिकन, मालाला आळा घालणे हाही हेतू त्यामागे होताच.

ब्रिटनमधील चळवळीचा इतिहास मार्टिन बार्कर यांनी १९८४ मध्ये उलगडून दाखविला. १९५२ मध्ये 'पिक्चर पोस्ट' मधील एका शिक्षकाच्या लेखाने तिला गती मिळाली. राष्ट्रीय शिक्षक संघटनेने १९५४ मध्ये निवडक भयपुस्तिकांचे प्रदर्शन भरविले. या चळवळीत साम्यवादी पक्षाच्या सभासदांचा मोठा हात होता आणि त्यांच्या मनातील मूळ विरोध अमेरिकन प्रभावाला होता. लोकांपुढे मात्र केवळ मुलांच्या रक्षणाची भाषा ठेवण्यात आली. सप्टेंबर १९५४ मध्ये ग्लासगोच्या गॉर्बल्स भागात शेकडो मुले लोखंडी दातांच्या पिशाच्चाच्या शोधात दफनभूमीत शिरली. दोष तत्काळ अमेरिकन कॉमिकांवर आला. असे पिशाच्च असलेली एकही पुस्तिका पुढे कोणाला दाखविता आली नाही. मात्र लोखंडी दातांच्या एका हडळीची कविता स्कॉटलंडच्या मुलांच्या परिचयाची होती, आणि लोखंडी दातांचा श्वापद बायबलमधील दानिएलाच्या ग्रंथातही आहे. पुढील वर्षी पार्लमेंटने बाल व तरुण व्यक्ती (अपायकारक प्रकाशने) अधिनियम संमत केला. त्याखाली खटला भरण्यास अ‍ॅटर्नी जनरलची संमती आवश्यक होती आणि मूळ अधिनियमाची मुदत १९६५ अखेरपर्यंतच होती. ती पुढे वाढविण्यात येऊन १९६९ मध्ये तो कायमचा करण्यात आला.

भारताच्या संसदेने १९५६ चा त्र्याण्णवावा अधिनियम, म्हणजे तरुण व्यक्ती (अपायकारक प्रकाशने) अधिनियम, संमत केला तो या पार्श्वभूमीवर. त्यातील व्याख्येची शब्दरचना ब्रिटिश अधिनियमाशी इतकी मिळतीजुळती आहे की दोन्ही शेजारी ठेवल्यास शंका उरत नाही: अपराध करणे, हिंसेची वा क्रौर्याची कृत्ये, किळसवाण्या वा भीषण घटना हे तीन प्रकार, आणि समग्र प्रकाशनाचा तरुण मनाला बिघडविण्याकडे असलेला कल ही कसोटी. परंतु उसनवारी करताना जे फेरफार झाले ते अधिक लक्षणीय आहेत. ब्रिटिश अधिनियम चित्रांतून सांगितलेल्या कथांपुरता होता. भारतीय अधिनियमाने चित्रांसह असोत वा चित्रांवाचून असोत, सर्वच कथांना कवेत घेतले. ब्रिटनमध्ये सतरा वर्षांखालील व्यक्तींचा विचार होता. येथे मर्यादा वीस वर्षांची झाली, म्हणजे महाविद्यालयातील विद्यार्थीही बालकांच्या पंक्तीस बसला. शिक्षा चार महिन्यांऐवजी सहा महिन्यांपर्यंत वाढली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे राज्य सरकारला, आपल्या प्रमुख विधी-अधिकाऱ्याचा सल्ला घेऊन, राजपत्रातील अधिसूचनेने एखाद्या प्रकाशनाच्या सर्व प्रती सरकारजमा करण्याचा अधिकार मिळाला. ज्याला तक्रार असेल त्याने साठ दिवसांच्या आत उच्च न्यायालयाकडे जावे. ब्रिटनमध्ये सरकारला प्रथम न्यायालयात जावे लागे. येथे प्रकाशकाला नंतर जावे लागणार होते.

मराठी मुलांच्या हाती तेव्हा काय होते? 'चांदोबा' १९५२ पासून मराठीत येऊ लागला होता. वेताळ, राक्षस आणि शिरच्छेद यांनी भरलेल्या त्याच्या कथा अधिनियमाच्या तिसऱ्या प्रकारात शब्दशः बसू शकल्या असत्या. परंतु त्या परंपरेने ओळखीच्या असल्यामुळे कोणाला तसे सुचले नाही. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू करून अमेरिकेतील फँटम भारतीय वाचकांपुढे आणला. तो करताना संपादकांनी त्याच्या देशाचे नाव बदलून डेंकाली केले, कारण मूळ नावात बंगालचा भास होता. आणि समुद्री चाच्यांच्या टोळीचे 'सिंग' हे नावही फिरविले. अनंत पै यांची 'अमर चित्रकथा' १९६७ मध्ये सुरू झाली. तिच्यातील स्त्रिया, दलित व असुर यांच्या चित्रणावर पुढील काळात अभ्यासकांनी जे आक्षेप घेतले, त्यांतील एकही १९५६ च्या अधिनियमाच्या तीन प्रकारांत येत नाही.